रांचो नेमका कधी संपला?

साहित्यसिद्धान्ताच्या मराठी अभ्यासकाला अर्वाइन हे नाव ठाऊक असते, पण ते तळटिपांतून आणि प्रस्तावनांखालच्या स्थळनिर्देशांतून. कॅलिफोर्निया विद्यापीठाची एक शाखा तेथे आहे. जे. हिलिस मिलर १९८६ मध्ये येल सोडून तेथे गेले. जाक देरिदाही त्याच सुमारास तेथे शिकवू लागले आणि २००४ मधील मृत्यूच्या थोडे आधीपर्यंत शिकवीत राहिले. त्यांच्या कागदपत्रांचा मोठा संग्रह तेथील ग्रंथालयात आहे. विरचना म्हणजे काय हे आपल्या वर्गांत शिकवले जाते तेव्हा पॅरिसचा उल्लेख होतो, येलचाही होतो. अर्वाइन मात्र टपालाच्या पत्त्यापुरते उरते. लॉस एंजेलिसच्या दक्षिणेला ऑरेंज परगण्यात पसरलेले, रेखीव आणि स्वच्छ असे एक उपनगर. त्याबद्दल आणखी बोलण्यासारखे काय असणार, असा आपला समज असतो.

हा समज आपला एकट्याचा नव्हे. अमेरिकी उपनगर म्हणजे इतिहास नसलेली वस्ती, ही कल्पना महायुद्धोत्तर अमेरिकी कथा-कादंबऱ्यांनी जगभर रुजवली. जॉन चीव्हरच्या कथा किंवा रिचर्ड येट्सची १९६१ ची ‘रेव्होल्यूशनरी रोड’ वाचणाऱ्याला उपनगर भेटते ते सारख्या घरांच्या रांगा आणि त्यांमागची घुसमट या रूपात. जागेला भूतकाळ नाही, म्हणून माणसांना मुळे नाहीत, असे हे समीकरण आहे. समीक्षेने ते फारसे तपासले नाही. अर्वाइनच्या बाबतीत तर ते सपशेल चुकते, असे आम्हांस वाटते. तेथे इतिहास पुसला गेला ही तक्रार पुरेशी नाही. तेथील जुनी व्यवस्था, म्हणजे एका मालकाच्या हाती असलेले अफाट कुरण, मोडलीच नाही. तिने फक्त पीक बदलले. आधी गुरे, मग मेंढ्या, मग घेवडा आणि संत्री, आणि शेवटी घरे. मोहल्ल्यांची नावे मात्र ही सलगता अशा रीतीने सांगतात की, ऐकणाऱ्याला ते सारे संपून गेल्यासारखे भासावे.

आधी ‘रांचो’ या शब्दाचा प्रश्न सोडवू. त्याला मराठीत सरळ प्रतिशब्द नाही. शेत म्हणावे तर नांगर फारसा नाही, मळा म्हणावे तर पाटाचे पाणी नाही. कुरण हा शब्द जवळचा आहे, पण त्यात मालकीचा अर्थ नाही. मेक्सिकोच्या अमलाखालील कॅलिफोर्नियातला रांचो म्हणजे कुरण, गोठण आणि इनाम या तिन्ही गोष्टी एकत्र. सरकारने एखाद्या कुटुंबाला हजारो एकर भूमी लिहून द्यावी आणि त्या कुटुंबाने तीवर गुरे सोडावीत, अशी ही व्यवस्था होती. १८२१ मध्ये मेक्सिको स्वतंत्र झाला आणि १८३३ पासून तेथील मिशनांची, म्हणजे ख्रिस्ती मठांची, मालमत्ता काढून घेण्याचे कायदे झाले. कागदावर या जमिनींचा मोठा वाटा मिशनांत राबणाऱ्या मूळ रहिवाशांना मिळायचा होता. प्रत्यक्षात त्या बहुतांशी स्थानिक वजनदार घराण्यांकडे गेल्या. होसे आन्द्रेस सेपुलवेदा याला १८३७ आणि १८४२ मध्ये मिळून रांचो सान होआकिन मिळाला. पुढील मोजणीत तो ४८,८०३ एकर भरला. आजच्या अर्वाइनचा बराच भाग त्यात येतो. त्यातील दलदलीच्या पट्ट्याचे नाव होते ‘सिएनेगा दे लास रानास’, म्हणजे बेडकांची पाणथळ. डोंगराकडचा रांचो लोमास दे सान्तियागो १८४६ मध्ये तेओदोसिओ योर्बा याला मिळाला.

अशा इनामासाठी अर्जासोबत एक नकाशा जोडावा लागे. त्याला ‘दिसेन्यो’ म्हणत. हे नकाशे हाताने काढलेले असत. ओढा, टेकडी, एखादे मोठे झाड, एखादा खडक, अशा खुणांवर सीमा बेतलेली असे. मोजणी करणारे दोन स्वार कातड्याची दोरी ताणून घोड्यावरून जात, आणि दोरी किती वेळा पडली यावरून लांबी ठरे. दिसेन्यो हा आम्हांस फार बोलका साहित्यप्रकार वाटतो. त्यात जमिनीचे वर्णन आहे, पण ते शेजाऱ्याने मान्य केलेले वर्णन आहे. जो त्या ओढ्याला त्या नावाने ओळखतो त्याच्यासाठीच ती सीमा खरी. पुढे अमेरिकी न्यायालयात हेच नकाशे पुरावा म्हणून उभे राहिले तेव्हा ते अगदीच लुळे ठरले, यात नवल नाही.

रांचोवरच्या गुरांना मांसासाठी गिऱ्हाईक नव्हते. विकली जात ती कातडी आणि चरबी. बॉस्टनहून केप हॉर्नला वळसा घालून जहाजे येत, कातडी भरून नेत आणि बदल्यात कापड, बूट, भांडी देत. बुटांचे चामडे कॅलिफोर्नियाचे आणि बूट बॉस्टनचे, असा तो व्यवहार होता. कच्च्या मालाच्या बदल्यात पक्का माल घेणारा हा प्रदेश अर्थशास्त्राच्या भाषेत वसाहतच होता, मग त्यावर निशाण कोणाचेही असो. रिचर्ड हेन्री डेना हा हार्वर्डचा विद्यार्थी अशाच एका जहाजावर खलाशी होता. १८३५ मध्ये सान ह्वान कापिस्त्रानोच्या किनाऱ्यावरील कड्यावरून कातडी खाली फेकण्याचे काम त्याने केले आणि १८४० मध्ये ‘टू इयर्स बिफोर द मास्ट’ लिहिले. ते ठिकाण अर्वाइनच्या दक्षिणेला जवळच आहे आणि त्या लेखकाच्याच नावाने आज ओळखले जाते. ज्याने मजुरीचे वर्णन केले त्याचे नाव किनाऱ्याला मिळाले. गुरे हाकणाऱ्या, सोलणाऱ्या हातांची नावे डेनाच्या पुस्तकातही फारशी नाहीत.

१८४९ च्या सोन्याच्या लाटेत गुरांचे भाव भडकले. सेपुलवेदा श्रीमंत झाला आणि श्रीमंतासारखा वागला. १८५२ मध्ये त्याने मेक्सिकन अमलातील शेवटचा गव्हर्नर पिओ पिको याच्या घोड्याविरुद्ध लॉस एंजेलिसला शर्यत लावली, ऑस्ट्रेलियातून आलेली ‘ब्लॅक स्वान’ ही घोडी उभी केली, पंचवीस हजार डॉलर आणि शेकडो जनावरांची पैज मांडली, आणि तो जिंकला. रांचोच्या काळाविषयी लिहिणारा जवळजवळ प्रत्येक जण या शर्यतीवर रेंगाळतो. आम्हीही रेंगाळलो असतो. परंतु हे रेंगाळणेच तपासण्याजोगे आहे. त्याच्या अगोदरच्या वर्षी, १८५१ मध्ये, अमेरिकी संसदेने जमीन कायदा केला होता आणि प्रत्येक इनामदाराने आपली मालकी आयोगापुढे सिद्ध करावी असे ठरवले होते. खटला चालण्याचा सरासरी काळ सतरा वर्षे. वकील, साक्षीदार, मोजणीदार यांचा खर्च भागवण्यासाठी कर्ज, आणि कर्जावर जबर व्याज. शर्यत सांगणे सोपे असते, कारण तिला शेवट असतो. कज्ज्याची गोष्ट सांगायला कोणी उत्सुक नसतो.

ती एका बाईने सांगितली. मारिया आम्पारो रुइस दे बर्टन हिची ‘द स्क्वॉटर अँड द डॉन’ ही कादंबरी १८८५ मध्ये टोपणनावाने प्रसिद्ध झाली. सान दिएगोच्या परिसरातील एका जमीनदार घराण्याची त्यात कथा आहे. जमीन कायदा, घुसखोर शेतकरी आणि रेल्वे कंपन्या हे तिचे खरे विषय. तिच्या आदल्याच वर्षी हेलन हंट जॅक्सन यांची ‘रामोना’ आली होती. मूळ रहिवाशांवरील अन्यायाकडे लक्ष वेधावे हा जॅक्सन यांचा हेतू प्रामाणिक होता. पण वाचकांनी त्यातून उचलले ते ओसरी, फुलझाडे, गिटार आणि डॉन. कितीतरी ठिकाणांना रामोनाचे नाव मिळाले, प्रवासी ‘रामोनाचे घर’ शोधत हिंडले. रुइस दे बर्टन यांचे पुस्तक मात्र विस्मृतीत गेले, ते १९९२ मध्ये पुन्हा छापले जाईपर्यंत. आम्हांस ही केवळ दोन पुस्तकांच्या नशिबाची गोष्ट वाटत नाही. दक्षिण कॅलिफोर्नियात घरे विकणाऱ्यांना कोणता भूतकाळ हवा होता, याचा तो निवाडा होता. कॅरी मॅक्विल्यम्स यांनी १९४९ च्या ‘नॉर्थ फ्रॉम मेक्सिको’ या ग्रंथात याला कल्पित वारसा म्हटले. स्पॅनिश सरदारांचे गुणगान करायचे आणि त्याच मातीत राबणाऱ्या मेक्सिकन मजुराला परका मानायचे, ही त्या वारशाची रीत त्यांनी उघडी केली.

रुइस दे बर्टन यांच्या पक्षपाताकडेही डोळेझाक करू नये. त्यांची सहानुभूती जमीनदाराशी आहे. गुराखी, म्हणजे ‘वाकेरो’, बहुधा मूळ रहिवासी असत. आहाचेमेन आणि तोंग्वा समाजांतले. इनामे वाटली जाण्याच्या पुष्कळ आधीपासून ही त्यांची भूमी होती. १८५० च्या कॅलिफोर्नियातील एका कायद्याने त्यांना सक्तीने मजुरीला लावण्याची वाट मोकळी केली. त्या कायद्याच्या नावात ‘संरक्षण’ हा शब्द होता. त्यांच्या बाजूने लिहिलेली त्या काळची कादंबरी नाही.

सेपुलवेदाचा शेवट निसर्गाने लवकर आणला. १८६१-६२ च्या हिवाळ्यात महापूर आला आणि पाठोपाठ १८६४ पर्यंत अवर्षण. गुरे हजारोंनी मेली. १८६४ मध्ये त्याने सान होआकिन अठरा हजार डॉलरला विकला. गंमत अशी की, या रांचोच्या मालकीची अमेरिकी सनद १८६७ मध्ये निघाली ती सेपुलवेदाच्याच नावाने. कागदाने त्याचा हक्क मान्य केला तेव्हा त्याच्या हाती जमीन उरली नव्हती.

घेणारे होते फ्लिंट, बिक्सबी आणि जेम्स अर्वाइन. पहिले दोघे मेंढपाळीतले, तिसरा मूळचा आयर्लंडचा, सॅन फ्रान्सिस्कोतील व्यापारी. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापूस दुर्मिळ झाला होता, लोकरीला भाव होता. कुरणात मेंढ्या आल्या. १८६६ मध्ये लोमास दे सान्तियागोही त्यांनी घेतला. १८७६ मध्ये अर्वाइनने भागीदारांना दीड लाख डॉलर देऊन मोकळे केले. आता सुमारे १,१०,००० एकर, म्हणजे डोंगरापासून समुद्रापर्यंतचा सलग पट्टा, एका माणसाच्या नावे झाला. आजूबाजूचे रांचो वाटण्यांत आणि विक्रीत तुकडे तुकडे होत गेले. हा तसाच राहिला. थोरल्या अर्वाइनच्या १८८६ मधील मृत्यूनंतर त्याचा लिलावही पुकारला गेला होता, पण शेवटच्या बोलीवर वाद होऊन तो फिसकटला. १८९४ मध्ये मुलाने, धाकट्या जेम्सने, कंपनी स्थापन करून जमीन तिच्या नावे केली. माणूस मरतो आणि वारस भांडतात. कंपनीला या दोन्ही अडचणी कमी. आमच्या मते अर्वाइन नगराचा खरा जन्म १८९४ चा आहे.

पुढची पन्नास-साठ वर्षे शेतीची. लायमा घेवड्याची अफाट शेते, नंतर व्हॅलेन्सिया संत्र्यांच्या बागा, वाऱ्याला अडवायला निलगिरीच्या उंच रांगा. बरीच शेती कुळांकडून होई. जपानी शेतकऱ्यांना १९१३ च्या कायद्याने कॅलिफोर्नियात शेतजमीन विकत घेण्यास मनाई होती. संत्री तोडणारे हात मुख्यतः मेक्सिकन; १९३६ मध्ये ऑरेंज परगण्यातील संत्रीमजुरांनी मोठा संप केला आणि तो पोलिसी बळाने चिरडला गेला. गाव म्हणावे तर रेल्वेजवळची एक लहानशी वस्ती. टपालखात्याच्या दप्तरी ती १९१४ पर्यंत ‘मायफर्ड’ होती, मालकाच्या मुलाच्या नावाने, कारण त्या राज्यात अर्वाइन नावाचे दुसरे गाव आधीच होते. ते नाव मोकळे होताच वस्तीने आडनाव धारण केले. बारशाचे नाव जाऊन आडनाव यावे, हा बदल आम्हांस सूचक वाटतो.

१९६० च्या आसपास विद्यापीठाला जागा हवी होती. कंपनीने एक हजार एकर एका डॉलरला दिले. वास्तुकार विल्यम पेरेरा यांनी विद्यापीठ आणि त्याभोवतीचे नगर एकाच आराखड्यात मांडले. १९६५ मध्ये वर्ग सुरू झाले आणि डिसेंबर १९७१ मध्ये रहिवाशांच्या मतदानाने नगर अस्तित्वात आले. मोहल्ल्यांना येथे ‘व्हिलेज’ म्हणतात. युनिव्हर्सिटी पार्क, टर्टल रॉक, नॉर्थवुड, १९७५ च्या सुमारास सुरू झालेले वुडब्रिज आणि त्यातली दोन कृत्रिम तळी, पुढे वेस्टपार्क, क्वेल हिल, शेडी कॅन्यन, वुडबरी, पोर्तोला स्प्रिंग्ज, ऑर्चर्ड हिल्स. एका वस्तीचे नाव तर नुसतेच ‘द रँच’.

ही नावे संहिता म्हणून वाचावीत. टर्टल रॉक हा खरोखरच कासवासारखा दिसणारा खडक आहे. दिसेन्योत शोभावी अशी ती खूण. पण नंतर शेजारच्या टेकडीवर ‘टर्टल रिज’ वसले. या नावाला कासवही नाही आणि कासवासारखा खडकही नाही. ते शेजारच्या नावावरून पडलेले नाव आहे. चिन्हक दुसऱ्या चिन्हकाकडे बोट दाखवतो, हे शिकायला त्या विद्यापीठातल्या विद्यार्थ्याला वर्गात जाण्याची गरज नव्हती, खिडकीतून टेकडीकडे पाहिले तरी पुरे होते. असो. क्वेल हिल, शेडी कॅन्यन ही नावे जमिनीला पुन्हा रानात नेऊन ठेवतात, जणू तित्तिराच्या आणि घराच्या मध्ये काही घडलेच नाही. पोर्तोला स्प्रिंग्जमध्ये १७६९ मध्ये या भागातून गेलेला स्पॅनिश मोहिमेचा नायक आहे. मोहिमेआधीपासून तेथे राहणारे कोणी त्या यादीत नाही. बागांवरून ऑर्चर्ड हिल्स आहे, पण बाग तोडणाऱ्यांवरून काही नाही. एखाद्या गल्लीला सेपुलवेदाच्या सनदेचे वर्ष द्यावे, असे कोणाच्या मनात येण्याचा प्रश्नच नव्हता. ग्राहकाला वकिलांची आठवण करून देऊन घर विकता येत नाही.

येथे एक आक्षेप येईल आणि तो वाजवी आहे. जाहिरातीतील नावांवर टीका करणे सोपे, पण एकसंध मालकीमुळेच हे नगर विस्कळीत झाले नाही. डोंगराकडचा विस्तीर्ण भाग मोकळा राहिला, २००६ मध्ये त्याला राष्ट्रीय नैसर्गिक खूण म्हणून मान्यताही मिळाली. नॉर्थवुडमध्ये निलगिरीच्या जुन्या रांगा राखल्या गेल्या, घेवड्याचे जुने कोठार पाडले न जाता त्याचे हॉटेल झाले. हे सारे खरे. शेजारच्या तुकडे पडलेल्या रांचोंवर जी गिचमिड झाली ती पाहता अर्वाइनचा रहिवासी स्वतःला भाग्यवान समजत असेल तर त्याला दोष देता येणार नाही. आमचा मुद्दा हे भाग्य नाकारण्याचा नाही. मोकळी टेकडी राहिली ती मालकाने राखली म्हणून, हे वाक्य दिसते तितके निरुपद्रवी नाही, एवढेच. रांचोवरही ओढ्याचे पाणी इनामदाराच्या मर्जीने मिळत असे.

आणखी एक गुंतागुंत आहे, आणि ती आम्हांस सर्वांत मोलाची वाटते. २०२० च्या जनगणनेत अर्वाइनची लोकसंख्या तीन लाखांवर गेली, आणि त्यांत आशियाई वंशाच्या रहिवाशांचा गट सर्वांत मोठा होता. त्यांत भारतीय आहेत, काही मराठी घरेही आहेत. ज्या राज्याने १९१३ मध्ये आशियाई माणसाला शेतजमीन नाकारली आणि ती बंदी १९५२ मध्ये न्यायालयाने उठवीपर्यंत टिकवली, तेथे त्याच शेताच्या जागी आशियाई कुटुंब घराचे मालक आहे. या माणसांना रामोना ठाऊक नाही, डॉनच्या ओसरीची ओढ नाही. ‘द रँच’ हे त्यांच्यासाठी पत्त्यातले एक नाव आहे. कल्पित वारशाचा वारस व्हायला नकार देणारा हा वाचक आहे, जरी त्याने तो नकार जाणूनबुजून दिलेला नसला तरी. यातून उपनगराची वेगळी कादंबरी निघू शकेल. घुसमटीची जुनी कादंबरी तिला उपयोगी पडणार नाही.

विद्यापीठाकडे परत येऊ. तेथील सर्जनशील लेखनाचा अभ्यासक्रम ओकली हॉल यांनी दीर्घकाळ चालवला. रिचर्ड फोर्ड, मायकेल शेबन हे त्यातूनच आले. हॉल यांची गाजलेली कादंबरी ‘वॉरलॉक’, १९५८ ची, पश्चिमेकडील एका सीमावर्ती गावाची, गुरे चोरणाऱ्यांची आणि बंदुकबाजांची. आणि देरिदांनी दप्तरखान्यावरील आपल्या १९९० च्या दशकातील व्याख्यानात आठवण करून दिली होती की, अर्काइव्ह या शब्दाच्या मुळाशी अधिकाऱ्याचे घर आहे. कागद ज्याच्या घरी, अर्थ लावण्याचा अधिकार त्याचा. अर्वाइन कुरणाचा पहिला मोठा इतिहास रॉबर्ट ग्लास क्लीलंड यांनी १९५२ मध्ये लिहिला. तो उत्तम आहे. पण कंपनीला नायक करून सांगितलेल्या इतिहासात कुळे आणि मजूर कडेला जाणे अटळ होते. देरिदांचे ते व्याख्यान आपल्या अभ्यासक्रमांत लागते. त्याच्या शेजारी ‘द स्क्वॉटर अँड द डॉन’ची काही प्रकरणे, एखाद्या दिसेन्योची प्रत आणि अर्वाइनच्या मोहल्ल्यांची साधी यादी लावावी, असे आम्ही सुचवू. विद्यार्थी तिन्ही संहिता एकाच डोळ्याने वाचू लागले तर सिद्धान्त कुठे उभा राहून बोलत होता हे त्यांना दिसेल.

कंपनी १९७७ मध्ये एका गुंतवणूकदार-गटाने घेतली. त्यातील डोनाल्ड ब्रेन १९८३ मध्ये बहुतांश भागांचे आणि १९९६ मध्ये एकमेव मालक झाले. विद्यापीठाच्या आवाराला लागून बेडकांच्या पाणथळीचा उरलेला तुकडा आहे, तो अभ्यासासाठी राखलेला आहे. नगराला पाणी पुरवणारी संस्था १९६१ मध्ये, नगराच्या दहा वर्षे आधी स्थापन झाली. पाण्याच्या बिलावर तिचे नाव अजूनही तेच छापलेले असते : अर्वाइन रँच वॉटर डिस्ट्रिक्ट.